मोठ्या कंपनीकडे बिल अडकलं तर: छोट्या कारखानदाराने कोणत्या क्रमाने काय करावं

भोसरी एमआयडीसीत माझा गाळा आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशिनं), एक लेथ, चार माणसं. २०२३ च्या पावसाळ्यात एका कंपनीला ब्रॅकेट आणि बुश दिले. चार बिलं, जीएसटीसकट साधारण चार लाख रुपये. पीओवर, म्हणजे खरेदीच्या लेखी ऑर्डरवर, तीस दिवसांत पैसे द्यायचं छापलं होतं. दहा महिने उलटले तरी रुपया आला नाही. परचेसला फोन केला की अकाउंट्सकडे बोट, अकाउंट्सला केला की ‘स्टोअरकडून जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आलेला नाही’, आणि स्टोअरचा माणूस तोवर बदललेला. इकडे स्टीलवाला, ऑपरेटरचे पगार आणि लाइटबिल मात्र तारखेला दारात उभे.

पैसे शेवटी मिळाले. पण वाटेत कळलं की कायदा आपल्या बाजूने चांगला भक्कम आहे, आणि तो कागद बघतो. हे कागद माल पाठवताना तयार व्हायला हवेत. पैसे अडकल्यावर ते जमवायला गेलात की निम्मे मिळत नाहीत. म्हणून पुढचा क्रम पहिल्या ऑर्डरच्या आधीपासून सुरू केला आहे. तुमचं बिल आधीच अडकलं असेल तर चौथ्या पायरीपासून वाचा, पण नंतर पहिल्या तीन पायऱ्यांकडे नक्की परत या.

१. पहिल्या चलनाच्या (मालासोबत जाणाऱ्या पावतीच्या) आधी उद्यम नोंदणी

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा आहे. त्यातलं उशिरा पेमेंटचं संरक्षण फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांना मिळतं, मध्यम उद्योगांना नाही. १ एप्रिल २०२५ पासूनच्या मर्यादेनुसार यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म. गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत असेल तर लघु. म्हणजे आपल्यासारखे जवळजवळ सगळे यात बसतात.

नोंदणी उद्यम पोर्टलवर, म्हणजे या उद्योगांच्या सरकारी नोंदणी संकेतस्थळावर, होते आणि पूर्णपणे मोफत आहे. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो, तेवढं बघून घ्या. सरकारी असल्यासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं याच कामाचे हजार-दोन हजार घेतात. लागतं ते एवढंच: मालकाचं आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल, पॅन, जीएसटी क्रमांक असल्यास तो, बँक खात्याचा तपशील आणि आपण काय बनवतो त्याचा एनआयसी कोड. कुठलाही कागद अपलोड करावा लागत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे.

कोड निवडताना घाई करू नका. तुम्ही पार्ट बनवत असाल तर उत्पादनाचा कोड घ्या, नुसता व्यापाराचा घेऊ नका. व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. उशिरा पेमेंटचं संरक्षण त्यांना मिळत नाही. माझ्या शेजारच्या गाळ्यातल्या भाऊंनी नोंदणी एजंटकडून करून घेतली होती, त्याने कोड व्यापाराचा टाकला होता. हे त्यांच्या लक्षात आलं ते दोन वर्षांनी.

नोंदणी आजच का, याचं कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ आणि २०२२ च्या निकालांत आहे. नोंदणीचा फायदा पुढच्या व्यवहारांना मिळतो, मागे जाऊन लावता येत नाही, असं त्यांत म्हटलं आहे. २०२५ मध्ये हा मुद्दा मोठ्या पीठाकडे पाठवला गेला. त्याचं पुढे काय होईल यावर तुमचे चार लाख सोडू नका. पहिली ऑर्डर घ्यायच्या आधी प्रमाणपत्र हातात असू द्या, आणि उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर, चलनावर आणि ईमेलच्या सहीखाली छापा. ‘तुम्ही लघु उद्योग आहात हे आम्हाला माहीतच नव्हतं’ असं म्हणायला मग जागा उरत नाही.

२. पीओ हातात आल्याशिवाय मशिन चालू करू नका

‘अर्जंट आहे, माल पाठवा, पीओ मागून येईल’ हे वाक्य तुम्ही पहिल्याच महिन्यात ऐकाल. नवीन माणसाला नाही म्हणणं जड जातं, मला माहीत आहे. तरीही निदान ईमेल मागा. त्यात पार्टचं नाव, ड्रॉइंग नंबर, नग, दर आणि पेमेंटची मुदत एवढं लिहिलेलं असलं पाहिजे. व्हॉट्सॲपवर ऑर्डर आली तर ‘आपल्या निरोपाप्रमाणे इतके नग, या दराने, तीस दिवसांच्या मुदतीवर घेत आहोत’ असा ईमेल आपणच लगेच पाठवायचा.

पीओ आला की मागची बाजू वाचा. बारीक अक्षरात तिथे तीन गोष्टी असतात. पहिली, ‘पेमेंट ९० दिवसांनी’. तुम्ही सही केली असली तरी कायद्याने मुदत ४५ दिवसांच्या पुढे जात नाही. दुसरी, ‘वाद झाल्यास अमुक शहरातल्या लवादाकडे’. या कायद्याखाली थकीत पेमेंटचे दावे ऐकणारी सरकारी परिषद असते (सातवी पायरी बघा); तुमचा कारखाना जिथे आहे तिथल्या परिषदेकडे तुम्ही जाऊ शकता, खरेदीदार देशात कुठेही असो. या दोन अटींमुळे घाबरून ऑर्डर सोडायचं कारण नाही. तिसरी मात्र नीट बघा: मालाची तपासणी कोण, किती दिवसांत करणार आणि रिजेक्शन कसं कळवणार. खरी भांडणं इथे होतात.

३. चलनाची शिक्का मारलेली प्रत

माझी चार बिलं होती. त्यातल्या एका बिलाच्या चलनाची पोच माझ्याकडे नव्हती. टेम्पोवाला संध्याकाळी साडेसहाला पोचला, गेटवरच्या माणसाने माल उतरवून घेतला आणि ‘शिक्का उद्या’ म्हणाला. तो उद्या आला नाही. परिषदेसमोर याच बिलावर सगळ्यात जास्त वेळ गेला. माल मिळालाच नाही, असं समोरचा वकील सरळ म्हणाला. माझ्याकडे ई-वे बिल (माल वाहतुकीची जीएसटीतली ऑनलाइन नोंद) होतं, टेम्पोची भाडेपावती होती, म्हणून निभावलं. बाकीच्या तीन चलनांवर निळ्या शाईचा इनवर्ड शिक्का, तारीख आणि सही होती. त्यांच्यावर दोन मिनिटंही चर्चा झाली नाही.

तेव्हापासून आमच्या टेम्पोवाल्याला एकच नियम आहे: पोच घेतल्याशिवाय भाडं नाही. शिक्क्याखालची तारीख वाचता येते का तेही बघायचं, पुसट असेल तर पेनाने लिहून घ्यायची. प्रत गाळ्यावर आली की त्याच दिवशी मोबाइलने फोटो आणि त्या पार्टीच्या फोल्डरमध्ये. कार्बनच्या गुलाबी प्रतीवरचा शिक्का वर्षभरात फिका पडतो, म्हणून फोटो हवाच.

प्रत्येक पार्टीच्या फाइलमध्ये या क्रमाने ठेवा: पीओ, ड्रॉइंग, चलनाची पोच, टॅक्स इनव्हॉइस, ई-वे बिल लागलं असेल तर ते, तपासणी अहवाल, मग पेमेंटबद्दलचे सगळे ईमेल.

४. पंधरा आणि पंचेचाळीस दिवस मोजायला शिका

लेखी मुदत ठरलेली नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. लेखी मुदत असेल तर त्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवस. १ जुलैला माल पोचला आणि काहीच लिहिलेलं नसेल तर १६ जुलै ही शेवटची तारीख. ४५ दिवस लिहिले असतील तर १५ ऑगस्ट. दिवस बिलाच्या तारखेपासून किंवा ‘बिल पास झाल्यापासून’ मोजायचे नाहीत, माल स्वीकारल्यापासून मोजायचे. चलनावरची तारीख एवढी महत्त्वाची का, ते आता लक्षात येईल.

आता यातला सगळ्यात कामाचा भाग. मालाबद्दल तक्रार असेल तर खरेदीदाराने ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवायची असते. न कळवल्यास माल स्वीकारला असं कायदा धरतो. पैसे मागायला गेल्यावर तीन महिन्यांनी ‘तुमचे ८० नग रिजेक्ट होते’ म्हणून डेबिट नोट, म्हणजे तेवढे पैसे कापल्याचा कागद, पुढे येते, ती इथे अडकते. अशी डेबिट नोट आली की गप्प बसू नका. त्याच आठवड्यात ईमेल करा: १५ दिवसांत लेखी हरकत आलेली नाही, डेबिट नोट आम्हाला मान्य नाही. आणि खरंच माल खराब गेला असेल तर तो परत आणा, दुरुस्त करून द्या, तारीख लिहून घ्या. लेखी हरकत वेळेत आली असेल तर दिवस ती हरकत तुम्ही दूर केल्यापासून सुरू होतात.

५. मागणी कशी करायची

फोन करा, पण प्रत्येक फोननंतर दोन ओळींचा ईमेल टाका. मी आता हा मजकूर वापरतो:

‘आमचं बिल क्रमांक अमुक, दिनांक अमुक, रक्कम अमुक. माल आपल्याला अमुक तारखेला मिळाला, चलनाची पोच सोबत आहे. २००६ च्या कायद्यानुसार देय तारीख अमुक होती. आम्ही सूक्ष्म उद्योग आहोत, उद्यम प्रमाणपत्र सोबत आहे. कृपया सात दिवसांत रक्कम जमा करावी.’

रागाचा एक शब्द नाही, विनवणीही नाही. हा ईमेल परचेसला, अकाउंट्सला आणि कंपनी असेल तर कंपनी सेक्रेटरीलाही पाठवा. तिसऱ्या नावाचा फरक पडतो, कारण खालच्या तीन गोष्टी त्या माणसाला ठाऊक असतात.

एक, १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ४३बी(एच); १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमाचा क्रमांक वेगळा आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने आलेल्या या तरतुदीनुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल कायद्याच्या मुदतीत न देता ३१ मार्चला थकीत राहिलं तर त्या वर्षी खरेदीदाराला तो खर्च वजा मिळत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पाठवलेलं पत्र सगळ्यात लवकर फळतं. दोन, सूक्ष्म-लघु पुरवठादारांचे ४५ दिवसांवरचे थकीत पैसे कंपनीला एमएसएमई-१ या फॉर्ममध्ये वर्षातून दोनदा, ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत, कंपनी निबंधकाला कळवावे लागतात. तीन, बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. तुमच्या बिलावर त्याने क्रेडिट घेतलं आहे हीच एक प्रकारची कबुली आहे, मात्र तुमच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात, ते बिल दाखवलेलं हवं.

या टप्प्यावर काही खरेदीदार ‘उद्यम रद्द करा, नाहीतर ऑर्डर बंद’ असं सुचवतात. माझ्या ओळखीतल्या दोघांना तसं सांगण्यात आलं. रद्द करू नका. जो ग्राहक तुमचं संरक्षण काढून घ्यायला सांगतो तो पुढे पैसे वेळेवर देणार नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

शक्य असेल तर दर ३१ मार्चला येणे बाकी किती आहे याची लेखी पुष्टी खरेदीदाराकडून सहीशिक्क्यासह मागवा. दावा दाखल करायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. मुदत संपायच्या आत दिलेली अशी लेखी कबुली असेल तर ती तिथून नव्याने सुरू होते.

६. व्याजाचा तक्ता बनवा

उशिरा दिलेल्या पैशांवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. चार लाखांवर दहा महिन्यांचं ते सुमारे ७२,९०० रुपये होतं. दर बदलतो, म्हणून तक्त्यात प्रत्येक महिन्यासमोर त्या महिन्याचा दर लिहा. प्रत्येक बिलाची वेगळी ओळ: बिल, पोच तारीख, देय तारीख, दिवस, मुद्दल, व्याज. सीएकडून तपासून घ्या. हा एका पानाचा तक्ता समोर ठेवल्यावर बोलण्याचा सूर बदलतो.

७. समाधान पोर्टलवर अर्ज

ईमेलने काम झालं नाही तर एमएसएमई समाधान पोर्टलवर अर्ज करा. ते २०१७ मध्ये सुरू झालं; २०२५ मध्ये यासाठी सरकारचं ओडीआर (ऑनलाइन वाद निवारण) पोर्टलही आलं, म्हणून नवीन अर्ज सध्या कुठे घेतात ते आधी बघून घ्या. अर्ज तुमच्या भागातल्या सूक्ष्म व लघु उद्योग सुकरता परिषदेकडे जातो. महाराष्ट्रात या परिषदा विभागवार आहेत. अर्ज स्वतः करता येतो. मी सीएच्या मदतीने केला, वकील नंतर घेतला.

हाताशी ठेवा:
- उद्यम प्रमाणपत्र, पुरवठ्याआधीच्या तारखेचं
- पीओ किंवा ऑर्डरचा ईमेल
- सगळी बिलं आणि शिक्का मारलेली चलनं
- मागणीचे ईमेल आणि त्यांना आलेली उत्तरं
- खातेउतारा, म्हणजे त्या पार्टीचं टॅलीतलं लेजर
- व्याजाचा तक्ता
- खरेदीदाराचं नेमकं कायदेशीर नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक आणि ईमेल

शेवटच्या ओळीत बरेच जण चुकतात. गेटवरच्या पाटीवर एक नाव असतं, पीओवर दुसरं. एकाच मालकाच्या तीन कंपन्या असतात. नाव पीओवरून आणि जीएसटी क्रमांकावरून जुळवून घ्या, नाहीतर नोटीस भलत्याच कंपनीला जाते आणि चार महिने वाया जातात. ऑनलाइन अर्जानंतर परिषद छापील संच आणि प्रतिज्ञापत्र मागू शकते, तीन प्रती आधीच तयार ठेवा.

बांधकामाचं किंवा मजूर-मालासह एकत्रित कंत्राट असेल तर अर्जाआधी वकिलाचा सल्ला घ्याच. अशा कंत्राटांना हा कायदा लागतो का, यावर न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत.

८. परिषदेसमोर

आधी सलोख्याची बैठक होते, तिथे जमलं नाही तर लवाद. कायद्यात ९० दिवसांत निकाल द्यायचं म्हटलं आहे, पण माझ्या प्रकरणाला अकरा महिने लागले. तेवढा धीर आणि तेवढे दिवस गाळा चालवायला पैसे, दोन्हींची तयारी ठेवा.

सलोख्यात समोरचा ‘मुद्दल घ्या, व्याज सोडा’ म्हणतो. मी सुरुवातीला नाही म्हणालो. शेवटी मुद्दल पूर्ण आणि व्याजाचा निम्मा भाग, तीन हप्त्यांत, यावर मिटवलं. मला तेव्हा रोख हवी होती आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. तुमची गरज वेगळी असू शकते. पण मिटवताना दोन गोष्टी सोडू नका: हप्त्यांच्या तारखा करारात लिहून घ्या, आणि एक हप्ता चुकला तर पूर्ण व्याज पुन्हा लागू होईल ही ओळ घाला. बैठकीच्या गडबडीत ‘सर्व हिशेब पूर्ण, काही बाकी नाही’ अशा छापील कागदावर सही करायला सांगतात. पैसे खात्यात जमा होईपर्यंत ती सही करायची नाही.

प्रकरण लवादात जाऊन तुमच्या बाजूने निकाल लागला आणि खरेदीदाराला तो न्यायालयात आव्हान द्यायचा असेल, तर त्याला आधी निकालाच्या रकमेचे ७५ टक्के भरावे लागतात. हे त्याच्या वकिलाला नीट माहीत असतं. सलोख्याच्या टेबलावर तुमच्या बाजूचं वजन इथूनच येतं.

९. चेक परत आला तर

हा रस्ता वेगळा आहे आणि तारखांच्या बाबतीत फार कडक. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत भरा. परत आल्याची बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवा, पोच येईल अशी. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. ‘पुन्हा भरा, या वेळी पास होईल’ असं सांगत तारीख पुढे नेली जाते. पुन्हा भरायला हरकत नाही, पण कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

१०. पुढच्या वेळी एवढी झळ बसू नये म्हणून

माझ्या चार लाखांत जीएसटी जवळपास ६१ हजार होता. स्टीलवरचं क्रेडिट वजा जाता उरलेला कर मी त्या-त्या महिन्यात खिशातून भरला होता, ग्राहकाने पैसे दिले नव्हते तरी. नवीन माणसाला ही गोष्ट फार उशिरा कळते. आता मी कराचा अंदाज काढून तेवढी रक्कम दर शनिवारी वेगळ्या खात्यात टाकतो आणि त्याला हात लावत नाही.

एका ग्राहकाचं काम एकूण कामाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ देत नाही. नवीन पार्टीला पहिल्या तीन ऑर्डरवर निम्मी रक्कम आगाऊ मागतो आणि तेवढं न देणाऱ्याला नम्रपणे नकार देतो. मागचं बिल देय तारखेनंतर १५ दिवस थकलं की पुढचा माल थांबतो. हे पीओ स्वीकारतानाच लेखी कळवलेलं असतं, त्यामुळे ऐन वेळी कडूपणा येत नाही.

ग्राहक मोठी कंपनी असेल तर ट्रेड्स, म्हणजे बिलावर बँकेकडून आधीच पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था, विचारून बघा. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या व्यवस्थेत नोंदणी बंधनकारक आहे. आरएक्सआयएल, एम१एक्स्चेंज, इनव्हॉइसमार्ट ही त्यातली नावं. कंपनीने तुमचं बिल तिथे मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, थोडी सूट कापून पैसे तुमच्या खात्यात येतात आणि पुढची वसुली कंपनीकडून बँक करते. कंपनीने पैसे बुडवले तर बँक तुमच्याकडे परत येत नाही. अट एकच, कंपनीने बिल मान्य केलं पाहिजे. म्हणून नवीन ग्राहकाशी दराची बोलणी करतानाच ‘तुम्ही ट्रेड्सवर आहात का?’ हे विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.